एकच मशीन, पुन्हा पुन्हा: छंद म्हणून घड्याळदुरुस्ती शिकताना

छंद म्हणून घड्याळदुरुस्ती शिकायची ठरली, की बहुतेक जण आधी अवजारांची यादी शोधू लागतात. त्याआधी घड्याळ ठरवा. माझा सल्ला स्पष्ट आहे: हाताने चावी द्यायचं, पुरुषी आकाराचं, साधं एचएमटी घ्या, जनता किंवा पायलट. तेच मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, पुन्हा पुन्हा उघडा, धुवा, जोडा. ते डोळ्यांसमोर न ठेवताही आठवू लागेपर्यंत दुसऱ्या मशीनला हात लावू नका. दहा वेगवेगळी घड्याळं एकेकदा उघडणाऱ्याला दहा घड्याळं थोडी थोडी कळतात. एकच मशीन दहादा जोडणाऱ्याला मात्र ‘बरोबर’ म्हणजे काय ते बोटांना कळतं, आणि पुढची सगळी दुरुस्ती त्या समजेवर उभी राहते.

एचएमटीच का? कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि पुढची काही दशकं देशाच्या मनगटावर तीच घड्याळं होती. २०१६ साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. पण तोवर इतकी घड्याळं बनली होती की आजही जुन्या बाजारात, घरातल्या कपाटात, घड्याळजींच्या खणांत ती सापडतात. सुटे भाग मिळतात आणि ही घड्याळं दुरुस्त करणारी माणसंही अजून आहेत. मशीन मोठं आणि मोकळं आहे. तारीख, वार, हाताच्या हालचालीने चावी भरणारा ऑटोमॅटिक रोटर असली गुंतागुंत नाही. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’, म्हणजे मुख्यतः चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे, आणि ‘पॅराशॉक’ लिहिलेलं दिसतं. पॅराशॉक म्हणजे बॅलन्सच्या (मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या) नाजूक टोकांखालचा खडा छोट्या स्प्रिंगवर बसवलेला असतो, त्यामुळे घड्याळ आपटलं तर धक्का आधी ती स्प्रिंग घेते. शिकणाऱ्यासाठी हे मोठं संरक्षण आहे. काही जनतांच्या तबकडीवर नाव देवनागरीतच छापलेलं असतं. दुरुस्तीला त्याचा काही उपयोग नाही, पण असं घड्याळ समोर असलं की काम करायला जास्त आवडतं.

ज्यांना अगदी नवंकोरं मशीन हवं असेल त्यांच्यासाठी चिनी एसटी ३६ हा पर्याय आहे. स्विस युनिटास ६४९७ च्या धाटणीचं हे खिशातल्या घड्याळाएवढं मशीन आहे, व्यास ३६.६ मिमी. भाग मोठे असल्याने पकडायला सोपं जातं. पण त्यात साफ करण्यासारखं काहीच नसतं. वाळलेलं तेल आणि बंद पडलेलं घड्याळ चालू करण्याचा खरा अभ्यास जुन्या एचएमटीवरच होतो.

सुरुवातीला तीन गोष्टी टाळा. बायकांची छोटी घड्याळं, कारण त्यांचे स्क्रू डोळ्यांना दमवतात. ऑटोमॅटिक, कारण त्यात अर्धी गुंतागुंत रोटरची असते. आणि आजोबांचं घड्याळ. ते शेवटी करायचं आहे, म्हणूनच आत्ता नाही.

घड्याळ विकत घेताना

दोन घ्या, एकाच मशीनची. एक चालणारं, निदान हलवल्यावर चालू पडणारं, आणि एक बंद पण आत सगळे भाग असलेलं. दुसऱ्यातून स्क्रू, स्प्रिंग, काटे मिळतात. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, गावातल्या जुन्या घड्याळजींचं दुकान, सगळीकडे मिळतील. घड्याळजींकडून घेतलेलं बरं, कारण पुढे अडलात तर त्यांच्याकडेच जायचं आहे. ‘काका, शिकायला पाहिजे, बंद असलं तरी चालेल’ एवढं सांगितलं तर बरेच जण खणातली डबी काढून समोर ठेवतात.

ऑनलाइन घेताना एक सावधगिरी. आपल्याकडून परदेशात जाणाऱ्या जुन्या घड्याळांत नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची, इकडचं मशीन तिकडच्या केसमध्ये घातलेली घड्याळं इतकी असतात की जगभरच्या संग्राहकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच दिलं आहे. ती ओळखता येतात. रंग जुन्या घड्याळाला न शोभणारा चकचकीत, अक्षरं किंचित जाड किंवा वाकडी, मिनिटांच्या रेघांपर्यंत न पोहोचणारे आखूड काटे. शिकायला तबकडी कशीही चालेल. पण मशीनचा फोटो नसेल तर पैसे देऊ नका. फोटोत स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या दिसल्या, प्लेटवर तांबूस गंज दिसला, तर ते घड्याळ सोडून द्या.

अवजारं: थोडी, पण चांगली

पैसे कमी असतील तर ते दोनच ठिकाणी घाला, चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर. स्वस्त संचातला चिमटा टोकाला जुळत नाही. तो पकडलेला स्क्रू उडवतो, आणि उडालेला स्क्रू शोधण्यात संध्याकाळ जाते. चिमटा उजेडाकडे धरून टोकं मिटवा, मधून प्रकाश आला तर परत करा. स्क्रूड्रायव्हर ०.८, १.०, १.२, १.४ आणि १.६ मिमी एवढे पुरतात. पातं स्क्रूच्या खाचेत रुंदीने पूर्ण भरलं पाहिजे आणि खाचेत सैल नको. सैल पातं घसरतं आणि ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, ओरखडा उमटवतं, तो कायमचा. पातं बोथट झालं की बारीक दगडावर घासून नीट करायला पहिल्याच महिन्यात शिका.

बाकीचं: डोळ्याला लावायचं भिंग, जोडकामाला ४ पट आणि तपासणीला १० पट. मशीन धरायचा होल्डर. रबरी फुगा, हवा मारायला. तोंडाने फुंकर कधीच मारू नका, थुंकीचा कण पोलादावर पडला की दुसऱ्या दिवशी तिथे गंज. काटे काढायच्या दोन लीव्हर. पाठ उघडायची सुरी. पेगवुड म्हणजे भोकं साफ करायची टोकदार लाकडी काडी. रोडिको, तेल आणि कचरा टिपणारी मऊ पुटी. तेल लावायच्या सुया. बोटांना घालायच्या रबरी टोप्या. खणांची झाकणवाली प्लास्टिक ट्रे. काचेच्या दोन-तीन लहान बाटल्या. भाग झाकायला एक उलटा काचेचा पेला.

टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र, सुरुवातीला नको. तिसऱ्या-चौथ्यांदा मशीन जोडाल तेव्हा घ्या. आधी घेतलंत तर आकड्यांकडे बघत बसाल आणि घड्याळाकडे बघणं राहील.

जागा

पंखा बंद. हे आपल्याकडच्या घरांत मुद्दाम सांगावं लागतं. छताचा पंखा चालू असताना हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग, उघडी ठेवणं म्हणजे धूळ आमंत्रण देऊन बोलावणं. टेबल उंच हवं, जवळजवळ छातीपर्यंत, म्हणजे कोपर टेबलावर टेकतात आणि हात स्थिर राहतो. खाली गालिचा नको. टेबलाच्या कडेपासून मांडीपर्यंत एक पांढरं कापड अडकवून घ्या, पडलेला भाग त्यात सापडतो. उजेड डाव्या बाजूने, पांढरा.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहत असाल, किंवा कुठेही पावसाळा असेल, तर उघडं मशीन रात्रभर टेबलावर ठेवू नका. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. घामाच्या बोटाचा ठसा पोलादावर दमट हवेत फार लवकर गंजतो.

मशीनआधीची तयारी

पहिले काही दिवस चालणारं घड्याळ उघडूच नका. बंद घड्याळातून काढलेले स्क्रू एका ताटलीत घ्या आणि चिमट्याने एका खणातून दुसऱ्यात हलवा. कमीत कमी दाबाने पकडायचं. जोरात दाबलं की वस्तू उडते, हलकं दाबलं की राहते. हात थरथरला तर मनगट टेबलावर ठेवा आणि श्वास सोडताना हालचाल करा. मग पट्टा काढणं-घालणं, क्वार्ट्झ घड्याळाचा सेल बदलणं करून घ्या. सेलवर नंबर असतो, तोच सेल आणा, आणि तो प्लास्टिकच्या चिमट्याने धरा, धातूच्या नाही, नाहीतर शॉर्ट होतो. क्वार्ट्झमध्ये याहून जास्त शिकण्यासारखं छंदाच्या दृष्टीने थोडंच आहे.

उघडण्याआधी ऐका, बघा, लिहा

हा टप्पा नवशिके सगळ्यात जास्त टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच आहे. पाठ उघडण्याआधी वहीत लिहा: घड्याळ काय करतंय?

चावी गोल गोल फिरतेच आहे, कधी घट्ट होत नाही. मेनस्प्रिंग, म्हणजे चावीची शक्ती साठवणारी स्प्रिंग, तुटली असेल, किंवा ती बॅरलमध्ये, म्हणजे तिच्या डबीत, धरत नसेल, किंवा तिला उलटं सुटू न देणारी क्लिक सुटली असेल. चावी पूर्ण घट्ट आहे पण घड्याळ बंद आहे. लोक म्हणतात ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’. तसं होत नाही. पूर्ण भरलेली मेनस्प्रिंग हा दोष नाही. पुढे कुठेतरी शक्ती अडली आहे, बहुधा वाळलेल्या चिकट तेलात. हलवलं की चालतं आणि मिनिटभराने थांबतं, तेही बहुतेकदा तेच. टिकटिक व्यवस्थित आहे पण काटे मागे पडतात किंवा हलतच नाहीत, तर मशीन ठीक आहे. मिनिट काटा फिरवणारं कॅनन पिनिअन सैल झालंय. ते तबकडीखालीच असतं, सगळं मशीन उघडायची गरज नाही. तबकडी वर असताना चालतं आणि खाली केल्यावर थांबतं, तर बॅलन्सचं एक टोक घाणीत आहे किंवा झिजलं आहे. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतंय, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. होकायंत्र जवळ धरा, सुई थरथरली तर डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, ठेवून बटण दाबा आणि घड्याळ हळूहळू दूर न्या, बटण तोपर्यंत सोडू नका. चुंबक नसेल तर हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्यांना तेल लागून ती एकमेकांना चिकटली असतील.

हे सगळं पाठ न उघडता कळतं. निदान लिहून ठेवलं असेल तर उघडल्यावर डोळे नेमक्या जागी जातात, आणि निदान चुकलं तर का चुकलं तेही कळतं.

पहिली उघडणी

पाठ दोन प्रकारची असते. दाबून बसवलेली असेल तर कडेला एक छोटी खाच दिसते, तिथे सुरी घालून हळूच वळवायची. आट्यांची असेल तर पाठीवर खाचा असतात आणि वेगळं उघडणी यंत्र लागतं. सुरी घालताना दुसऱ्या हाताची बोटं पात्यासमोर नकोत.

आता मशीन केसमधून काढायचं तर स्टेम, म्हणजे चावीची दांडी, काढावा लागतो. जुन्या मशीनमध्ये बहुधा स्टेमजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो एक-दीड वळसा सैल करा आणि चावी हळूच ओढा. जास्त सैल केलात तर तबकडीखालचा लीव्हर सुटतो आणि नंतर तबकडी काढून तो परत बसवावा लागतो. काही मशीनमध्ये स्क्रूऐवजी दाबायचा ठिपका असतो. मशीन बाहेर आलं की स्टेम परत घाला, त्याची गरज पुढे आहे.

काटे काढण्याआधी तास आणि मिनिट काटे बारावर आणा, म्हणजे तबकडीवर लीव्हर ठेवायला जागा मिळते. तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा, त्यावर दोन्ही लीव्हर समोरासमोर लावून सारख्या दाबाने उचला. सेकंद काटा वर असतो, तो आधी निघतो. काट्यांवर प्लास्टिकची पिशवी पसरून उचलला तर उडाला तरी पिशवीत राहतो. जुन्या, विशेषतः १९६०च्या आधीच्या कुठल्याही घड्याळाच्या काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल, तर तो खरवडू नका आणि त्याची धूळ श्वासात घेऊ नका. त्या काळात अशा रंगात रेडियम असायचं. शिकण्यासाठी असं घड्याळ घेऊच नये.

तबकडीचे पाय मशीनच्या कडेला असलेल्या दोन स्क्रूंनी धरलेले असतात. ते पूर्ण काढायचे नाहीत, वळसा-दोन वळसे सैल करायचे. तबकडी उचला, कागदात गुंडाळून बाजूला ठेवा आणि काम संपेपर्यंत विसरून जा. तासाचं चाक उचलून घ्या. कॅनन पिनिअन सरळ वर ओढून काढायचं असतं, वाकडं ओढलं तर खालचा अक्ष वाकतो.

शक्ती उतरवणं

पुढे जाण्याआधी मेनस्प्रिंगमधली शक्ती पूर्ण उतरवलीच पाहिजे. भरलेल्या मशीनमधून पॅलेट, म्हणजे चाकांना अडवत-सोडत पुढे नेणारा छोटा भाग, काढलं तर सगळी चाकं एका क्षणात सुसाट फिरतात, आणि तेवढ्यात दाते आणि पिव्हट, म्हणजे अक्षांची बारीक टोकं, जाऊ शकतात. म्हणून चावी अंगठा आणि बोटात घट्ट धरा. थोडी पुढे फिरवा, म्हणजे क्लिकवरचा भार जातो. पेगवुडने क्लिक बाजूला धरा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सरकू द्या. ती स्वतः थांबेल. पुढे बॅलन्स काढला की पॅलेटला चिमट्याच्या टोकाने अलगद स्पर्श करा. ते आपोआप उडी मारत नसेल तरच शक्ती उतरली.

उतरवण्याचा क्रम

प्रत्येक भाग काढण्याआधी फोनने फोटो काढा, सरळ वरून आणि स्पष्ट. प्रत्येक ब्रिजचे स्क्रू त्याच ब्रिजबरोबर ट्रेच्या एका खणात ठेवा. सारखे दिसणारे स्क्रू लांबीने वेगळे असू शकतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर तो खालच्या चाकाला जाऊन टेकतो.

आधी बॅलन्स. त्याच्या ब्रिजचा एकच स्क्रू काढा. ब्रिजच्या कडेला छोटी खाच असते, तिथे पातं घालून हलकंसं उचला. बॅलन्स हेअरस्प्रिंगला लटकत वर येतो. घाई न करता किंचित फिरवत सोडवा आणि उलटा करून ठेवा. हेअरस्प्रिंगला चिमटा लावायचा नाही. मग पॅलेटचा ब्रिज आणि पॅलेट. मग मशीनच्या वरच्या बाजूची दोन मोठी चाकं, रॅचेट व्हील आणि क्राउन व्हील. क्राउन व्हीलचा स्क्रू अनेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने तो निघत नसेल तर जोर लावू नका, उलटं फिरवून बघा. जोर लावून तुटलेला हा स्क्रू काढणं हे नवशिक्याचं काम नव्हे. क्लिकची स्प्रिंग काढताना मशीन पारदर्शक पिशवीत धरा. मग ब्रिज, बॅरल आणि चाकं.

इथे थोडं थांबून चाकं बघा. बॅरलपासून सुरू होऊन मधलं चाक तासाला एक फेरा घेतं, सेकंद काट्याचं चाक मिनिटाला एक. शेवटी एस्केप व्हील, बहुतेक घड्याळांत १५ दात्यांचं. पॅलेटचे दोन खडे त्याला एकेक दाता सोडत पुढे नेतात आणि तोच धक्का बॅलन्सला मिळतो. एचएमटीच्या चावीच्या मशीनमध्ये हे तासाला १८,००० वेळा घडतं, म्हणजे सेकंदाला पाच टिक, दिवसाला ४,३२,०००. हे एकदा स्वतःच्या हातातल्या चाकांवर पाहिलं की घड्याळाच्या बहुतेक रोगांचं मूळ आपोआप समजू लागतं.

मेनस्प्रिंग बॅरलमधून बाहेर काढू नका, निदान पहिल्या काही वेळा. हाताने परत गुंडाळताना ती वाकते. झाकण उघडून बघा. आत काळपट घट्ट लगदा दिसला तर नवी स्प्रिंग आणा. ती आधीच वेटोळ्यात बसवून येते आणि सरळ बॅरलमध्ये ढकलता येते.

धुणं

आपल्याकडचे घड्याळजी पिढ्यान्‌पिढ्या व्हाइट पेट्रोल वापरत आलेत. लायटरचं पेट्रोलही चालतं. खिडकी उघडी, जवळ गॅस, उदबत्ती, समई काही नको, आणि वापरलेलं पेट्रोल मोरीत ओतायचं नाही. भाग बाटलीत घालून थोडा वेळ भिजवा, मऊ ब्रशने घासा. मग पेगवुडची टोकदार काडी प्रत्येक भोकात आणि प्रत्येक खड्यात घालून फिरवा, काळं टोक कापा, परत फिरवा, टोक पांढरं राहीपर्यंत. कंटाळा आला तरी हे टाळू नका. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या खड्यात वाळलेलं तेल काचेसारखं बसलेलं असतं.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सुकवलं की डाग राहत नाहीत. फक्त पॅलेट आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये ठेवू नका. पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ते दोन्ही भाग पेट्रोलमध्येच धुवा. बॅलन्ससाठी एक चांगली युक्ती आहे. बॅलन्स आणि त्याचा ब्रिज रिकाम्या मेन प्लेटवर, म्हणजे मशीनच्या मूळ पत्र्यावर, परत बसवा, स्क्रू लावा आणि सगळी प्लेट पेट्रोलमध्ये एकदम बुडवा. हेअरस्प्रिंग आपल्या जागी सुरक्षित राहते, कुठे अडकत नाही.

पॅराशॉकचे खडे उघडून धुवायचे असतात, पण त्यांची स्प्रिंग अतिशय छोटी असते. दुसऱ्या बंद घड्याळावर सराव करून मगच चालणाऱ्यावर हात घाला.

जोडणं

आधी चाकं आपापल्या खालच्या खड्यांत उभी करा, वरून ब्रिज ठेवा. प्रत्येक पिव्हट आपल्या वरच्या खड्यात जाईपर्यंत ब्रिजवर बोटाने अगदी हलका दाब ठेवून चाकं चिमट्याने थोडी हलवत राहा. सगळे पिव्हट बसले की ब्रिज स्वतःहून खाली बसतो. बसण्याआधी स्क्रू आवळला तर पिव्हट तुटतो. म्हणून स्क्रू थोडा आवळा, चाक फिरतंय का बघा, आणखी आवळा, पुन्हा बघा. चाक चिमट्याने उचलल्यावर वर-खाली किंचित हललं पाहिजे. पूर्ण घट्ट बसलेलं चाक चालणार नाही.

पॅलेट बसवण्याआधी बॅरल, क्लिक, रॅचेट लावून चावीचे दोन-तीन दातेच द्या. चाकांची रांग मोकळी सुसाट फिरली पाहिजे आणि थांबताना किंचित मागे वळली पाहिजे. ते मागे वळणं दिसलं की चाकं मोकळी आहेत. नाही दिसलं तर पुढे जाऊ नका, परत उघडा. मग शक्ती उतरवून पॅलेट बसवा, दोन-तीन दाते चावी द्या आणि पॅलेटला एका बाजूने हलका स्पर्श करा. ते ताबडतोब दुसऱ्या बाजूला उडी मारलं पाहिजे.

तेल

तेल कमी पडलं तर पुढच्या वेळी लावता येतं. जास्त झालं तर पसरतं, धूळ ओढतं आणि हेअरस्प्रिंगवर जाऊन बसतं. खड्याच्या वाटीत तेल अर्ध्याहून थोडं जास्त, वाटी भरेपर्यंत नाही. भिंगातून बघताना तेलाची गोल कडा खड्याच्या आत दिसली पाहिजे. जोरात फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला पातळ तेल, जसं मोबियस कंपनीचं ९०१०. बॅरल, मधलं चाक यांना जाड तेल, जसं डी ५. चावीच्या बाजूच्या घासणाऱ्या भागांना ग्रीस. पॅलेटच्या खड्यांना ९४१५, तेही अगदी थोडं. पॅलेटच्या पिव्हटांना तेल लावायचं नाही, चाकांच्या दात्यांना लावायचं नाही, आणि हेअरस्प्रिंगला तर कधीच नाही. शिलाई मशीनचं तेल आणि खोबरेल तेल कोणी सुचवलं तर ऐकू नका. दोन्ही काही महिन्यांत घट्ट होतात किंवा पसरतात.

बॅलन्स, आणि चालू होण्याचा क्षण

बॅलन्सचा ब्रिज खाली आणताना बॅलन्सच्या तळचा खडा पॅलेटच्या काट्यात नीट यायला हवा. बॅलन्सचा खालचा पिव्हट खड्यात गेला की तो स्वतःहून झुलू लागतो. स्क्रू लावण्याआधीच झुलला तर चांगलं लक्षण. नसेल झुलत तर ब्रिज आवळू नका, उचला आणि परत बसवा. मशीन चालू झालं की काचेचा पेला त्यावर उलटा ठेवा आणि काही तास तसंच चालू द्या. मग चावीच्या बाजूचे भाग, तबकडी, काटे.

बॅलन्स किती झुलतोय हे टाइमग्राफर सांगतो. पूर्ण चावीवर, तबकडी वर ठेवून, नीट केलेल्या घड्याळात साधारण २७० ते ३१० अंश. जुन्या एचएमटीत २४० दिसले तरी निराश होऊ नका. २०० च्या खाली असेल तर कुठेतरी घाण किंवा चूक आहे. टाइमग्राफर नसेल तर फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत बॅलन्सचा दांडा कुठपर्यंत जातो ते बघता येतं, आणि त्यातून बरंच कळतं.

चाल लावणं: बॅलन्सच्या ब्रिजवर एक लहान लीव्हर असतो, त्याच्या बाजूंना अधिक आणि उणे. घड्याळ पुढे जात असेल तर उणेकडे, मागे पडत असेल तर अधिककडे, अक्षरशः केसभर. मग पूर्ण एक दिवस चालवून मगच परत हलवा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ३० सेकंदांची चूक म्हणजे जुन्या चावीच्या घड्याळासाठी चांगली चाल. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, असं तीन स्थितींत बघा. एकाच स्थितीत फार वेगळं वागत असेल तर बॅलन्सचा पिव्हट आणि त्याचा खडा तपासा.

काटे लावताना तिन्ही समांतर, एकमेकांना आणि काचेला न टेकणारे. सेकंद काटा शेवटी, अलगद दाबून. पाठ बंद करण्याआधी काचेच्या आत धूळ किंवा केस नाही ना बघा. तो नेहमी बंद केल्यावरच दिसतो. रबरी वॉशर असेल तर तो नवा बसवा, पण घरी उघडलेल्या घड्याळाला पाण्यात न्यायचं नाही, पाठीवर काहीही लिहिलेलं असो.

घड्याळजींकडे काय न्यावं

वाकलेली हेअरस्प्रिंग, तुटलेला बॅलन्सचा अक्ष, सैल झालेला खडा, अडकून मोडलेला स्क्रू. ही कामं वेगळी अवजारं आणि वर्षांचा हात मागतात. ती घड्याळजींकडे न्या, आणि शक्य असेल तर काम बघायला बसू द्या म्हणून विचारा. सेल आणि पट्टे बदलण्यावर दुकान चालवणाऱ्या पिढीतल्या अनेकांकडे असं काम हाताने करण्याचं कौशल्य आहे, आणि ते मागणारं कोणी येत नाही म्हणून ते दिसत नाही. पैसे मोजून ते काम करून घेणं आणि शेजारी बसून बघणं, यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. दुसऱ्यांची घड्याळं मात्र मैत्रीखातरही घेऊ नका, जोपर्यंत तुमचं स्वतःचं मशीन बंद न पडता महिने चालत नाही.

पहिलं एचएमटी चालू झालं की त्याला पूर्ण चावी देऊन किती तास चालतं ते वहीत लिहा. चांगल्या स्थितीत ते दीड दिवसाच्या आसपास चालायला हवं. मग काही आठवड्यांनी तेच पुन्हा उघडा, काहीही बिघडलेलं नसताना. या वेळी फोटो न बघता जोडून पाहा. दुसरं, बंद असलेलं, त्यानंतर. आणि त्याच्यानंतर सेइकोचं एनएच ३५ सारखं ऑटोमॅटिक. तोपर्यंत तुमच्या वहीत पुरेसं लिहिलेलं असेल, आणि आजोबांच्या घड्याळाचं पान उघडायला हरकत नसेल.